निरोपाच्या पार्टीला गेलेले चक्र

माझ्या कडेला हात लावण्याआधी थोडे ऐकून घ्या, छोट्या मित्रांनो. मी रूलेटचे चक्र आहे, चाळिशी ओलांडलेले. लाकूड अजून घट्ट आहे, पितळ अजून चमकते. मी फिरायला लागले की भोवतीची माणसे बोलता बोलता थांबतात. बघणाऱ्याला वाटते, काय ऐट आहे याची! पण खरे सांगू? मी भित्रे आहे. माझ्यासमोर कुणी येऊन बसले की मला त्या माणसाची भीती वाटत नाही, त्या माणसासाठी भीती वाटते. ही भीती मला कुठे लागली आणि एका पार्टीत तिने माझा जीव कसा टांगणीला लावला, ते आज सांगते.

माझा जन्म एका कातारीबाबाच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, दोन लेथ, एक खिडकी आणि गुडघाभर भुसा. बाबांनी मला तीन आठवडे घासले. पाणसळ ठेवून चारी बाजूंनी तपासले. सदतीस आकड्यांची सदतीस घरे त्यांनी इतकी सारखी केली, की त्यांत केसाइतकाही फरक नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांनी मला फिरवले, पांढरी गोळी सोडली आणि कौतुकाने बायकोला म्हणाले, "बघ, हे कुणाचीही बाजू घेणार नाही."

पॉलिशचा बोळा हातात धरून ती माउली म्हणाली, "ते ठीक. पण मग समोर बसणाऱ्यांची बाजू कोण घेणार?"

बाबांनी मला खोक्यात ठेवले.

तिथून मी एका जुगाराच्या क्लबात गेले आणि सोळा वर्षे तिथे राहिले. त्या दालनाला खिडकी नव्हती, भिंतीवर घड्याळ नव्हते. मालक मला रोज मऊ फडक्याने पुसत असे. पाहुण्यांना सांगत असे, "असं चक्र शोधून सापडायचं नाही." सुरुवातीला मी या कौतुकाने फुगून जात असे. मग हळूहळू मला माणसे दिसू लागली. एकाच्या कपातल्या चहावर जाड साय धरली होती, तरी त्याला कप उचलायची आठवण नव्हती. एक बाई बोटातली अंगठी इतकी फिरवायची की तिथले कातडे सोलवटले होते. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हात जोडले. मित्रांनो, मी लाकडाचे आहे, मला कुणी हात का जोडावेत? त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मी थांबले की कुणीतरी हसत असे आणि पाच जण पांढरे पडत असत. पण मी थांबायचे कुठे, हे माझ्या हातात नव्हते.

पुढे क्लबाला कुलूप लागले. सात वर्षे मी ताडपत्रीखाली पडून होते. टेबलावरचे हिरवे बनातीचे कापड उंदरांनी कुरतडले. वाळवी खालच्या फळीपर्यंत आली, तिचा कुरुकुरु आवाज मला ऐकू येई. आता माझाही भुसा होणार, या धास्तीत मी दिवस काढत होते, तेवढ्यात एका बाईंनी ती सगळी अडगळ विकत घेतली. त्यात मीही होते.

या बाई पूर्वी एका नाट्यगृहाच्या तिकिटखिडकीवर बसत. नाट्यगृह बंद पडल्यावर त्यांनी पार्ट्यांमध्ये खेळ मांडण्याचे काम सुरू केले. वाढदिवस असो, लग्नाचा वाढदिवस असो की ऑफिसचे संमेलन, बाई आम्हाला टेंपोत घालून घेऊन जात. प्रत्येक पाहुण्याला प्लॅस्टिकच्या वीस चकत्या फुकट मिळत. ज्याच्याजवळ शेवटी जास्त उरतील त्याला एखादी छत्री, नाहीतर फुलझाडाची कुंडी. बाईंचा नियम पक्का होता. त्या सुरुवातीलाच सांगत, "माझ्या टेबलावर खरा पैसा दिसला की खेळ बंद, आणि मी घरी." त्यांचे दीर टेंपो चालवत आणि पत्त्यांचे टेबल सांभाळत. भाऊजींचे तोंड एक क्षण बंद नसे. हरलेल्या पाहुण्याला ते म्हणत, "काळजी करू नका, माझं लग्नसुद्धा असंच एका डावात ठरलं, अजून भोगतोय."

बाईंकडच्या एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा माणसांना हरून हसताना पाहिले. माझी भीती निवत चालली होती. आणि एके दिवशी चिमणी आमच्या गोदामात आली.

चिमणी हे तिचे घरातले नाव. वय तिशीचे. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना व्यायाम देऊन पुन्हा चालायला लावणे हे तिचे काम होते. तिचे वडील नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त होणार होते आणि तिला त्यांच्यासाठी पार्टी करायची होती. तिच्याजवळ चार पानांची यादी होती. कचेरीतली माणसे किती, खुर्च्या किती, केक कधी कापायचा, पत्त्यांचे टेबल कुठे आणि मी कुठे. मी खिडकीजवळ, कारण फोटो चांगले येतील.

"काकू, हे चक्र म्हणजे आमच्या पार्टीची जान," ती बाईंना म्हणाली. "बाबांनी आयुष्यभर मान खाली घालून रेघा ओढल्या. एक दिवस तरी त्यांना राजासारखं बसवायचंय."

दुसऱ्या खेपेला ती आईवडिलांना बरोबर घेऊन आली. वडील उंच, शांत, शर्टाच्या खिशाला दोन पेन लावलेले. आई लहानखुरी. भाऊजींनी माझ्यावरची खोळ झटक्यात ओढली आणि मला एक फेरा दिला. माझ्याकडे बघत नाही असा माणूस मी कधी पाहिलेला नाही. लहान मूल बघते, माझी नावड असलेलेही बघतात. हे गृहस्थ मात्र फरशीकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी जरा बाहेर हवेला उभा राहतो," ते म्हणाले आणि गेले.

चिमणी हसली. "बाबांना माझ्या खर्चाची धास्ती वाटते!" पण तिची आई हसली नाही. तिने पदराचे टोक मुठीत धरले होते. ती नजर आणि ती मूठ मला ओळखीची वाटली. माझ्या लाकडातून एक कळ गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई एकटीच आली. भाऊजी बाहेर टेंपो धूत होते. बाईंनी तिला स्टूल दिले, पाणी दिले. पाणी तसेच राहिले.

"बाई, एवढं चक्र आणू नका हो," ती म्हणाली. "पत्ते आणा, दुसरं काहीही आणा. लेकीला मात्र कारण सांगू नका."

आणि मग तिने जे अठ्ठावीस वर्षे कुणाला सांगितले नव्हते ते सांगितले. चिमणी तेव्हा दोन वर्षांची होती. आई स्वतःच्या आईच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती. वडील लेकीला घेऊन फिरायला निघाले. वाटेत जुगाराचा क्लब होता. त्यांना तिथल्या चक्राचे वेड लागलेले होते. लेक खांद्यावर झोपली होती. तिला त्यांनी बाहेरच्या बाकावर निजवले आणि ते आत गेले, सकाळी अकरा वाजता. बाहेर आले तेव्हा ऊन कलले होते आणि बाक रिकामा होता.

"दोन तास आम्हाला माहीत नव्हतं पोर कुठे आहे," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "कुणा भल्या बाईने उचलून पोलीस चौकीत नेलं होतं. उन्हाने अंग तापलेलं, ओठ फुटलेले. त्या दिवसापासून हे त्या रस्त्यानेसुद्धा गेले नाहीत. घरात पत्त्याचा जोड नाही. पण तिला काय सांगू? ज्या बापाचा तू एवढा सोहळा करतेस, त्याने तुला बाकावर विसरून ठेवलं होतं म्हणून?"

बाईंनी तिचा हात धरला. "नाही आणत," त्या म्हणाल्या. "शब्द देते."

मी खोळीखाली सगळे ऐकत होते. आमच्या क्लबाबाहेर बाक होता का? मला माहीत नव्हते. मला कधी कुणी बाहेर नेलेच नव्हते. कदाचित तो क्लब दुसराच असेल. पण कदाचित त्या दुपारी ते माझ्यासमोर बसले असतील आणि मी गरागरा फिरत असेन. बाहेर एक पोर उन्हात पडले होते आणि मला कळलेही नव्हते. तुम्हीच सांगा, मी कुणाला विचारू? या प्रश्नाला उत्तर देणारे आता कुणी नाही, आणि त्याची भीती अजून गेलेली नाही.

बाईंनी चिमणीला फोन करून सांगितले, की चक्राचे बेअरिंग अडकले आहे, या वेळी नुसते पत्ते घेऊ या. त्यांना खोटे बोलायची सवय नव्हती. तासाभरात चिमणी स्वतः हजर.

"बघू तरी काय झालंय," ती म्हणाली आणि तिने माझी खोळ काढली. आखडलेले सांधे मोकळे करणे हा तिचा रोजचा धंदा. तिने माझ्या कडेवर एक बोट ठेवले आणि हलकेच ढकलले.

मित्रांनो, मी अडकायची पराकाष्ठा केली. मनातल्या मनात कातारीबाबांची क्षमा मागितली आणि सगळे अंग आवळून धरले. पण त्यांनी मला फार चांगले बनवले होते. मी लोण्यासारखे फिरले. फिरतच राहिले.

चिमणीने बाईंकडे पाहिले. "फिरतंय की छान! काकू, आमचं काम नको असेल तर तसं सांगा ना. खोटं कशाला?"

बाई पेचात पडल्या. खरे सांगावे तर आईला दिलेला शब्द मोडतो. न सांगावे तर लेकीपुढे आपण खोटे ठरतो. "तसं नाही ग," एवढेच त्या म्हणाल्या.

"मग ठरलं. खिडकीजवळ," चिमणीने यादीवर खूण केली आणि ती गेली. संध्याकाळी बाईंनी आईला फोन केला. पलीकडून आई म्हणाली, "असू दे. मी त्यांच्या शेजारून हलणार नाही."

पार्टी एका वाचनालयाच्या वरच्या दालनात होती, दुपारी चार वाजता. भाऊजींनी मला जिन्यावरून वर नेले. एरवी मी हिसक्याने कुरकुरते. त्या दिवशी मला वाटत होते, यांचा पाय घसरावा आणि मी खाली पडून माझे दोन तुकडे व्हावेत. पण भाऊजी मला लेकरासारखे छातीशी धरून वर घेऊन गेले.

दालन रंगीत कागदांनी सजले होते. कचेरीतली पन्नासेक माणसे जमली होती. जुने नकाशे भिंतीवर लावले होते, खाली पिवळ्या चिठ्ठीवर "साहेबांच्या हातचा" असे लिहिलेले. साहेब म्हणजे चिमणीचे वडील दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, माझ्याकडे पाठ करून. आई शेजारी. अर्धा तास सारे ठीक चालले. भाऊजींच्या टेबलावर हशा पिकला होता. माझ्याभोवतीही गर्दी होती, बाई मला अगदी हलका हात देत होत्या. माझा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात केकच्या बशा कमी पडल्या म्हणून कुणीतरी आईला आतल्या खोलीत बोलावून नेले. आणि लगेच कचेरीतला एक जण ओरडला, "अरे, ज्यांची पार्टी ते कोपऱ्यात! साहेब, पुढचा फेरा तुमचा!"

"नको," साहेब म्हणाले.

"अहो, प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत, घर नाही जायचं तुमचं!"

"नको म्हटलं ना."

मग चिमणी आली. तिने त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना उठवले. "माझ्यासाठी, बाबा. एकच फेरा." लेकीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्यांना तिसऱ्यांदा नको म्हणवले नाही. तिने त्यांना माझ्यासमोर बसवले आणि ओंजळीत चकत्या ओतल्या.

मी त्यांच्या बोटांकडे पाहिले आणि माझे पितळ गार पडले. त्यांची बोटे आपोआप चकत्यांच्या उतरंडी रचू लागली, पाच पाचाच्या, एकाच लयीत. नवखा माणूस असे रचत नाही.

"साहेबांना तर येतंय!" लोक हसले. टाळ्या पडल्या.

बाईंनी गोळी सोडली. साहेब हरले. दुसऱ्या फेऱ्याला जिंकले. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी सगळ्या चकत्या एका आकड्यावर सरकवल्या. त्यांच्या पापण्या लवायच्या थांबल्या होत्या. भोवतीचा गोंगाट त्यांच्या कानांत शिरत नव्हता. ते दालनात नव्हते, मित्रांनो. ते माझ्यात होते. मला ओरडायचे होते, पण माझ्याजवळ गोळीच्या खडखडाटाशिवाय दुसरा आवाज नाही.

"बाबा, केक आलाय," चिमणी म्हणाली.

त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, चला ना."

"थांब गं जरा!" त्यांनी तिचा हात झटकला.

इतक्या तुटक आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नसावेत. चिमणीचे हसू चेहऱ्यावर अर्धवट राहिले. आतल्या दारात आई बशा घेऊन उभी होती. तिच्या हातातून बशांची चळत खाली आली आणि फुटली. त्या आवाजाकडे पन्नास माणसांनी वळून पाहिले. एकट्या साहेबांनी पाहिले नाही.

आणि मग बाईंनी जे कधी करू नये ते केले. गोळी फिरत असताना त्यांनी उघडा तळहात माझ्यावर दाबला. पितळेच्या कंगोऱ्याने तळहात कापला. मी कचकन थांबले, गोळी उडून टेबलाखाली गेली.

"खेळ बंद," बाई म्हणाल्या. "चक्र बिघडलंय."

"कुठे बिघडलंय? मस्त फिरत होतं!" कुणीतरी म्हणाले.

साहेबांनी दचकून वर पाहिले, गाढ झोपेतून उठवलेल्या माणसासारखे. आधी बाईंच्या हातावरचे रक्त त्यांना दिसले, मग दारात उभी असलेली बायको, आणि मग लेक, जी आपलाच हात चोळत उभी होती. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ते नाही बिघडलेलं," ते म्हणाले. "मी बिघडतो त्याच्यासमोर. आधीही बिघडलो होतो." त्यांनी चकत्या दूर लोटल्या. "चिमणे, मला भीती वाटते. मला इथून बाहेर ने."

चिमणी पुढे झाली. रोज ती जशी अनोळखी रुग्णांना उठवते तशी काखेत हात घालून तिने वडिलांना उठवले आणि जिन्याकडे नेले.

पुढचे मला ऐकू आले नाही. उघड्या दारातून फक्त दिसत होते. ते पायरीवर बसले होते, ती उभी होती. ते बोलत होते, ती ऐकत होती. मग तीही बसली, त्यांच्यापासून दोन पायऱ्या खाली, आणि तिने तोंड ओंजळीत झाकले. बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले नाही. शेवटी ती उठून आत आली आणि आईचा हात धरून तिला जिन्याकडे घेऊन गेली. केक कुणी कापला, मला आठवत नाही. भाऊजींनी पाहुण्यांना जिन्याकडे फिरकू दिले नाही, आणि त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

पाच आठवड्यांनी चिमणी गोदामात आली. बाईंच्या तळहातावरची पट्टी निघाली होती, पण मूठ नीट वळत नव्हती. चिमणीने न विचारता तो हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट हळूहळू वाकवू लागली.

"आईने तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"शब्द दिला होता," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि घाबरले ग."

"सगळेच घाबरले होते. बाबा मला, आई आम्हा दोघांना. मी एकटीच खुशाल याद्या करत बसले." तिने पुढचे बोट धरले. "बाबा आता दर आठवड्याला एका ठिकाणी जातात. त्यांच्यासारखीच माणसं असतात, गोल बसून बोलतात. मी सोडायला जाते."

"आणि तुझा राग?"

"आहे अजून. कधी कधी मी गाडीत त्यांच्याशी एक अक्षर बोलत नाही. पण परवा त्यांना विचारलं, ती मला उचलणारी बाई कोण होती? ते म्हणाले, तिचं नाव विचारायचंसुद्धा भान नव्हतं. मग आम्ही दोघंही रडलो." ती उठली. "रोज कोमट पाण्यात हात हलवा, काकू. कंटाळा करायचा नाही."

त्यानंतर बाईंच्या कामात एक फरक पडला. पार्टी ठरवायला कुणी आले की खुर्च्या आणि वेळ विचारण्याआधी त्या विचारतात, "तुमच्या माणसांत कुणाला या खेळाचा त्रास झालेला आहे का? मला एकटीला सांगितलंत तरी चालेल." बहुतेक जण हसून नाही म्हणतात. एखादा मात्र गप्प होतो. परवा फोनवर कुणीतरी बाई होती. ती हळूच म्हणाली, "माझे सासरे." बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मग मी रिंगा टाकायचा खेळ आणते, तोही मजेचा आहे." मी त्या दिवशी खोळीखालीच राहिले. इतकी शांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, ओलीपासून जपा, असे मी सांगायला हवे. तेवढे बाई करतातच. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, पार्ट्या कराल, मलाही बोलवाल. जरूर बोलवा, हसा, हरा. पण कुणी एकदा "नको" म्हणाले, तर हात धरून ओढू नका आणि कारणही विचारू नका. त्याच्यासाठी एक खुर्ची वळवा, एक पेला पाणी आणा आणि त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. माझ्याभोवती उभे राहायला माणसे पुष्कळ असतात.